जवारी कोणाकडे लावायची?

पावसाळा ओसरू लागला की गाण्याच्या क्लासांत आणि वादकांच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो: वाद्य दाखवायचे कोणाला? चार महिन्यांच्या दमट हवेत तंबोऱ्याच्या खुंट्या फुगून घट्ट बसलेल्या असतात, सतारीचे पितळी पडदे काळवंडलेले असतात, एखाद्या जुन्या व्हायोलिनची पाठ कडेने सुटलेली असते. पुढे दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, त्यामागोमाग डिसेंबरातले महोत्सव, म्हणजे हाताशी दिवस थोडे. पूर्वी गावागणिक नाही तरी शहरातल्या एखाद्या पेठेत असा माणूस असायचा आणि त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असायचे. आता तो थकलेला असतो किंवा त्याच्या दुकानाच्या जागी दुसरेच काही उभे राहिलेले असते. मोबाइलवर शोधावे तर कीबोर्ड आणि गिटार विकणाऱ्या चकचकीत दुकानांची यादी समोर येते. ‘दुरुस्ती करून मिळेल’ अशी पाटी तिथेही असते. ती पाटी खरी किती, हे कळेपर्यंत वाद्याचे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर ‘मिरज’ असे आहे, आणि ते आजही चुकीचे नाही. मिरजेत सांगितली जाणारी हकीकत अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला येणाऱ्या कलावंतांची वाद्ये वाटेत मोडत, तारा-खुंट्यांची अडचण होई, आणि वाद्ये तर सगळी उत्तरेकडून आलेली. तेव्हा हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोइनुद्दीन यांच्याकडे ती नीट करण्याचे काम आले. तलवारींचे दिवस सरत होते, हाताला काम हवेच होते. मोडके वाद्य उघडताना ते आत कसे आहे हे कळत गेले आणि हळूहळू तेच हात नवी सतार घडवू लागले. पुढे हेच लोक सतारमेकर झाले. ही हकीकत तपशिलात थोडी इकडेतिकडे झाली असेल, पण तिच्यातला क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मिरजेत आधी दुरुस्ती आली, निर्मिती तिच्या मागून आली.

आज मात्र मान निर्मितीला आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद सर्वांनाच झाला आणि तो रास्त होता. भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, तून लाकडाची दांडी आणि तबली, शिवाय पिढ्यान्पिढ्यांचा हात एवढे एकत्र आले की मिरजेचे वाद्य होते. दुसरीकडे बनवलेल्या मालावर मिरजेचे नाव कोणी लावू नये, याची तजवीज मानांकनाने झाली. पण मानांकन लागते नव्या वाद्याला. तीस वर्षे वाजलेल्या तंबोऱ्याची घोडी कोणी घासावी, कशी घासावी आणि त्याबद्दल काय द्यावे, याविषयी ते काही सांगत नाही. ती बाब अजून तोंडी शिफारशीवर आणि नशिबावर चालली आहे.

शिफारस म्हणजे गुरुजी सांगतील तो कारागीर. ही पद्धत वाईट नाही. ज्याच्या कानाला वाद्य रोज पडते त्याचे मत जाहिरातीपेक्षा केव्हाही खरे. फक्त तिची मर्यादा ओळखायला हवी. सतारीचा उत्तम कारागीर व्हायोलिनलाही उत्तम असेल असे नाही. सारंगीच्या कातड्याचे आणि तातीचे काम तर वेगळ्याच हाताचे. तेव्हा शिफारस विचारताना ‘चांगला कोण?’ असे न विचारता ‘तुमचे कोणते काम त्यांनी केले आणि ते किती दिवस टिकले?’ असे विचारावे. उत्तर देताना समोरचा थोडा थबकला, तर तेही एक उत्तरच आहे.

खरी परीक्षा जवारीची. तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि छेडली की त्या पृष्ठाला हलकेच घासत, सुटत राहते. त्यातून जो भरीव, गुंजणारा नाद निघतो ती जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलेल्या निबंधात याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. तार जिथे छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची निस्पंद जागा येते ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा यंग-हेल्महोल्ट्झचा नियम. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, आणि त्याचे कारण ही वक्र घोडी. गवयाला हा निबंध माहीत नसतो, पण खर्जाच्या तारेतून न लावलेला गंधार आपोआप उमटला पाहिजे हे त्याला पक्के माहीत असते. स्वयंभू गंधार नीट बोलला तर जवारी जमली.

रोज वाजवून तारेची घोडीवर चरी पडते. सतारीत मींड ओढल्यामुळे ती रुंदही होते. मग नाद बारीक, चिरका किंवा अगदी मुका होऊ लागतो. जाणता कारागीर अशा वेळी काय करतो ते जवळून पाहावे. तो लगेच कानस हातात घेत नाही. आधी वाद्य जुळवतो, एकेक तार छेडून कान लावतो, तारेखालचा दोरा पुढेमागे सरकवून बघतो. कधी कधी दोष दोऱ्याच्या जागेतच असतो आणि घासण्याची गरजच पडत नाही. घासायची वेळ आलीच तर तारा सैल करून दोन-चार हलके हात मारतो, पुन्हा तार चढवतो, जुळवतो, ऐकतो. पुन्हा उतरवतो. एका घोडीला यात अर्धा दिवस सहज जातो, कारण कमी घासले तर परत घासता येते, जास्त घासले तर ते भरून काढता येत नाही. घोडी गेली. म्हणून ‘तासाभरात या, जवारी करून ठेवतो’ असे सांगणाऱ्याकडून आम्ही तरी वाद्य परत उचलले असते.

आणखी एक खूण आहे आणि ती अगदी पहिल्या दोन मिनिटांत सापडते. चांगला कारागीर विचारतो, ‘तुमची पट्टी कोणती?’ काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा तंबोरा आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तंबोरा यांच्या तारांची जाडी वेगळी, ताण वेगळा, म्हणून घोडीवरचा उतारही वेगळा. सतारवाल्याला तो खुली जवारी हवी की बंद, हे विचारतो. पंडित रविशंकर यांचा खुला, झळाळता नाद आणि उस्ताद विलायत खाँ यांचा बंद, गोलाईचा नाद हे दोन्ही अस्सलच, पण एकाची जवारी दुसऱ्याच्या हाताला चालणार नाही. मग तो तुम्हाला वाजवायला सांगतो आणि तुमचा हात जड की हलका ते पाहतो. यातले काहीच न विचारता वाद्य कोपऱ्यात ठेवून पावती फाडणारा माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याच्याकडून जे परत मिळेल ते कोणाचेही वाद्य असेल, तुमचे असेलच असे नाही.

अनेक दुकानांत काम घेणारा एक आणि करणारा दुसरा असतो. वाद्य ठेवून घेतात, ते पुढे मिरजेला किंवा शहरातल्याच कोणा घरगुती कारागिराकडे जाते. यात लपवण्यासारखे काही नाही, व्यवहार बऱ्याच ठिकाणी असाच चालतो. पण काम कोण करणार, त्याच्याशी एकदा बोलता येईल का, एवढे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. वाद्य मधल्या हातांतून जाते तेव्हा तुमचे म्हणणेही मधल्या हातांतूनच जाते. ‘मंद्रात जरा घुसमटते’ ही तक्रार कारागिरापर्यंत पोचेस्तोवर ‘जवारी करणे’ एवढीच उरते.

लाकूडकामाचा प्रश्न आला की गोंदाबद्दल विचारावे. वाद्ये जोडण्यासाठी पूर्वापार सरस वापरतात, कारण तो धरतो घट्ट आणि वेळ आली की उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. व्हायोलिनचे तर सारे गणितच यावर आहे. पाठ आणि पोट कडेने सरसाने चिकटवलेले असते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात लाकूड ओढले गेले तर फळी फुटण्याऐवजी सांधा सुटावा अशी त्यात योजना असते. सुटलेला सांधा हा बिघाड खराच, पण तो वाद्य वाचवणारा बिघाड आहे. त्या सांध्यात कोणी झटपट चिकटणारा रासायनिक गोंद भरला तर काम त्या दिवशी छान दिसते. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड ओढले गेले की सांधा सुटत नाही, फळी उभी चिरते. आणि पुढचा कारागीर ते उघडायला गेला की लाकडाचे टवके निघतात. आपल्यानंतरही कोणीतरी हे वाद्य उघडणार आहे, हे ज्याच्या ध्यानात असते तो विश्वासाचा.

व्हायोलिनच्या बाबतीत एक साधी गोष्ट नजरेने टिपता येते. पोटात घोडीच्या पायाजवळ एक छोटी काठी उभी असते, तिला सगळे साउंड पोस्टच म्हणतात. ती चिकटवलेली नसते, निव्वळ दाबावर उभी असते. चारही तारा एकदम उतरवल्या की दाब जातो आणि ती पडू शकते. म्हणून नुसत्या तारा बदलायच्या तेव्हा जाणकार माणूस त्या एकेक करून बदलतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला ज्या गोव्याने व्हायोलिनवादकांच्या पिढ्या दिल्या, त्या गोव्यातल्या चर्चच्या आवारात पोरेसुद्धा हे शिकत असत. आमच्याकडे हे वाद्य पंडित गजाननराव जोशी यांच्यासारख्यांनी हिंदुस्थानी संगीतात रुजवले, पण त्याची निगा राखण्याचे ज्ञान वादनाच्या मानाने मागेच राहिले. गिटारचीही तीच गत. घराघरात गिटार आली, पण तिच्या दांडीतला लोखंडी गज किती पिळायचा हे माहीत नसलेले हात तो पिळत असतात.

विश्वासू कारागिराचे शेवटचे लक्षण म्हणजे त्याला ‘नाही’ म्हणता येते. ‘ही घोडी अजून दोन वर्षे जाईल, आता बदलू नका.’ ‘भोपळ्याची ही चीर मी आतून कापड लावून धरीन, पण पहिल्यासारखा नाद येईलच असे सांगत नाही.’ ‘हे काम माझे नव्हे, अमक्याकडे जा.’ अशी वाक्ये ज्या दुकानात ऐकू येतात तिथे निःशंक वाद्य ठेवावे. काढलेला जुना भाग तो न मागता परत देतो. जुनी घोडी, जुनी खुंटी हे आपल्याला टाकाऊ वाटते, पण पुढच्या दुरुस्तीत मापाला तेच लागते. पहिल्याच भेटीत आजोबांची सतार त्याच्या स्वाधीन करू नये. तारा चढवणे, एखादी सरकणारी खुंटी बसवणे असे छोटे काम आधी द्यावे आणि हात पाहावा.

जुन्या वाद्यांपुरती कायद्याची एक बाबही सांगायला हवी. पूर्वी घोड्यांना आणि सजावटीला हस्तिदंत आणि सांबरशिंग सर्रास वापरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर त्यांचा व्यापार बंद झाला आहे. आज हाडाच्या, आबनुसाच्या किंवा कृत्रिम पदार्थाच्या घोड्या मिळतात आणि चांगल्या हातात त्या उत्तम बोलतात. ‘जुना हस्तिदंत आहे माझ्याकडे, गुपचूप बसवून देतो’ असे कोणी म्हटले तर तो तुमच्यावर मेहेरबानी करत नसून तुम्हाला अडचणीत आणत आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घरचा जुना तंबोरा नेण्याआधी याची खात्री करूनच घ्यावी, विमानतळावर कौटुंबिक इतिहास ऐकून घेतला जात नाही. त्यांची आणखी एक अडचण वेगळी. तिकडे कारागीर नाही म्हणून काही जण नुसती घोडी टपालाने पाठवतात. घोडीचे पाय ज्या तबलीवर बसायचे ती तबली साता समुद्रापलीकडे आणि तारही तिकडेच. हे डोळे बांधून केलेले काम आहे, त्यातून बरे निघाले तर नशीब समजावे.

आता गिऱ्हाइकाकडे वळू, कारण कारागीर मिळत नाहीत या तक्रारीत आपला वाटा मोठा आहे. नव्या सतारीची किंमत आपण फार घासाघीस न करता देतो. त्याच सतारीच्या जवारीचे पैसे सांगितले की ‘नुसते घासायचे तर एवढे?’ असे विचारतो. वस्तू दिसते, अर्धा दिवस कान देऊन बसलेला माणूस दिसत नाही. वाद्य दुरुस्तीला टाकून वर्षभर न्यायला न येणारेही कमी नाहीत. ते वाद्य जागा अडवते, त्याचे पैसे अडकतात आणि मध्येच ओल लागली तर बोलणीही कारागिरालाच खावी लागतात. त्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधला आला. रियाजाची सोय झाली हे कोणी नाकारणार नाही. पण बटण दाबून सूर लावणाऱ्या घरात तंबोरा गवसणीतच राहिला, आणि गवसणीतला तंबोरा कोणी दुरुस्तीला नेत नाही. अशा धंद्यात आपल्या मुलाने बसावे असे कारागिराला वाटत नाही, यात त्याचा काय दोष?

एके काळी हे नाते वेगळे होते. पंडित रविशंकर यांची सतार घडवणारे नोडू मलिक हे कलकत्त्याचे कारागीर त्यांच्याबरोबर दौऱ्यांवर जात आणि मैफिलीत मागे तंबोऱ्यालाही बसत. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते आणि तंबोरा जुळल्याशिवाय त्यांचे गाणे सुरू होत नसे. त्यांच्या शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या नावाने 1953 पासून पुण्यात महोत्सव भरतो. तिथे स्वरमंचावर जे तंबोरे झंकारतात त्यांच्यामागे कोणाचा तरी हात असतो, पण निवेदनात साथीदारांची नावे घेतली जातात, जवारी लावणाऱ्याचे नाव क्वचितच घेतले जाते. ते घ्यायला अर्धे मिनिट लागत नाही.

मिरजेचे कारागीर आजही पुण्या-मुंबईच्या वादकांकडे येऊन जवारी करून जातात. हे येणे सध्या ज्याच्या त्याच्या ओळखीवर चालते. संगीत विद्यालयांनी ते नियमित करून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, कारागिराला आठवडाभर बोलवावे. विद्यालयाची वाद्ये त्याने पाहावी, विद्यार्थ्यांनी आपापली आणावी, मोबदला आधी ठरलेला असावा आणि तो तिथल्या तिथे दिला जावा. विद्यार्थ्यांना समोर बसून काम पाहता यावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरवर्षी हजारो मुले बसतात आणि मंडळाचे कार्यालय तर मिरजेतच आहे. वरच्या परीक्षांत तंबोरा जुळवता यावा अशी अपेक्षा असते. जवारी उतरली हे कानाने ओळखणे, दोरा सरकवून ती तात्पुरती सावरणे, खुंटी सरकत असेल तर खडू लावणे एवढे त्यात घालायला मंडळाला कोणाची परवानगी लागत नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांत दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम आणि त्याला शिकवायला पदवी नसलेला, पण हात असलेला कारागीर, हे थोडे अवघड आहे. नियम आडवे येतील. नियम बदलता येतात.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात एखादा तंबोरा किंवा सतार गवसणीत पडून असेल तर या महिन्यात ती बाहेर काढावी, गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या कारागिराला दाखवावी, तो सांगेल ते पैसे द्यावेत आणि ठरल्या दिवशी वाद्य परत आणावे.